पगार वाढवला, केक कापला, तरी सिस्टर टिकत नाहीत!

प्रश्न: ताई, इंदूरला आमचं 35 खाटांचं नर्सिंग होम आहे. 16 सिस्टर होत्या. वर्षभरात 7 सोडून गेल्या. दिवाळीला प्रत्येकीचे दोन हजार वाढवले, परिचारिका दिनाला केक कापला, भेटवस्तू वाटल्या. तरी या महिन्यात आणखी दोघींनी राजीनामे दिलेत. या मुलींना हवंय तरी काय?
– एक डॉक्टर, इंदूर

उत्तर: डॉक्टर, केकचं राहू द्या. 12 मेचा केक मी नोकरीभर खाल्ला. पहिला तुकडा दरवेळी मोठ्या डॉक्टरांनाच भरवला जातो, आणि वॉर्डात असलेल्या सिस्टरला तो कागदात गुंडाळून संध्याकाळी मिळतो.

पगाराचं मात्र बघा. दोन हजार वाढवून आकडा कुठे पोचला, ते तुम्ही लिहिलं नाहीत. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने नेमलेल्या समितीने 2016 मध्येच म्हटलं होतं, की 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयात नर्सला महिना 20,000 च्या खाली देऊ नये. तुम्ही आजही त्या खाली असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, आधी तेवढं करा.

त्याच्या वर असाल, तर तुमचा ड्यूटी चार्ट मागवून घ्या. मी एक नोकरी सोडली ती त्या चार्टपायी. अनंत चतुर्दशी होती. आपल्याकडे कापड मिलांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले फिरते देखावे, रात्रभर निघतात, तुम्हाला सांगायला नको. मुलाला राजवाड्यावर न्यायचं कबूल केलं होतं, ऑफ महिनाभर आधी मागून घेतला होता. संध्याकाळी फोन आला, 'सिस्टर, आज नाइट तुम्हालाच करावी लागेल.' जाऊन पाहिलं तर माझ्या नावापुढच्या ऑफवर व्हाइटनर लावून वर 'एन' लिहिलेलं. व्हाइटनर अजून ओलाच होता. कुणी विचारलंही नव्हतं. पुढच्या महिन्यात मी राजीनामा दिला. कारण 'घरगुती' लिहिलं. तुमच्या सातजणींनीही तेच लिहिलं असणार.

तेव्हा चार्ट महिनाभर आधी लावा आणि तो इन्चार्ज सिस्टरला करू द्या, मॅनेजरला नको. बदल करायचा तर जिची ड्यूटी आहे तिला विचारून. धार, खरगोन, बडवानीकडच्या मुली असतील तर त्यांना नाइटनंतरचा ऑफ आणि आठवड्याची सुट्टी लागून द्या. नाइटनंतरचा ऑफ झोपेतच जातो हो, तो सुट्टीत धरायचाच नाही! दोन दिवस लागून मिळाले तर मुलगी बस धरून आईला भेटून येते.

दुसरं, ते हजेरीचं अंगठ्याचं मशीन. आठ वाजून दहा मिनिटांनी आली तर अर्धा दिवस कापता. दोनला सुटणारी सिस्टर हँडओव्हर देऊन, फाइली पुऱ्या करून पावणेतीनला निघते, तो पाऊण तास कुठे मोजता?

आणि नाइटला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात? नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली 168 रुग्णालयं तपासली होती, 2002 मध्ये ते छापून आलं. नर्सकडे सरासरी एक पेशंट वाढला, की तिच्या थकून खचण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढलेली, आणि ऑपरेशन झालेला रुग्ण महिन्याभरात दगावण्याची 7 टक्क्यांनी. दुसरा आकडा मुद्दाम लिहिला. पहिल्याने मालकांची झोप उडत नाही, हा माझा अनुभव.

एक सवय आणखी सोडा. नातेवाइकांसमोर सिस्टरला झापणं. चूक तिची असली तरी ड्रेसिंग रूममध्ये नेऊन बोला. वॉर्डात डॉक्टरांनी आवाज चढवला, की दुसऱ्या दिवशी पेशंटचा भाचासुद्धा तिला 'ए सिस्टर' म्हणतो.

त्या दोघींचे राजीनामे मंजूर केले नसतील तर थोडं थांबा. मागच्या तीन महिन्यांचे चार्ट काढा, त्यांच्या नाइट मोजा, कितीदा ऑफ रद्द झाला ते मोजा. तो कागद हातात घेऊनच त्यांना चहाला बोलवा, आणि मॅनेजरला त्या वेळी बाहेर पाठवा.