मुलीला पाळणाघरात ठेवू, की नोकरी सोडू?

प्रश्न : ताई, मी ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते. मुलगी अकरा महिन्यांची आहे. बाळंतपणाची रजा, तिला जोडलेली बिनपगारी रजा, सगळं संपत आलंय. सासूबाईंचे गुडघे गेलेत, रांगतं मूल त्यांना झेपणार नाही, हे त्याही मान्य करतात. पण पाळणाघराचं नाव काढलं की ‘परक्या हाती वाढलेलं पोर आईला विसरतं’ म्हणून डोळ्यांत पाणी आणतात. दोन पाळणाघरं पाहिली. एक मोठं, एसी, मोबाइलवर दिवसभर मुलगी दिसेल असे कॅमेरे, इंग्रजी गाणी. दुसरं शेजारच्या सोसायटीतल्या काकूंचं, दोन खोल्या, पाच मुलं, फी निम्मी. मुलीचं नुकसान होईल का? की नोकरीच सोडू?

उत्तर : नोकरी सोडायचं तू शेवटच्या ओळीत, घाईघाईत लिहिलंयस. तुझ्या मनात ते नाही, असं धरून चालते.

सासूबाईंची भीती खुळी नाही. बालमानसशास्त्रज्ञांनाही तीच शंका होती, म्हणून अमेरिकेत १९९१ मध्ये सरकारी खर्चाने एक मोठा अभ्यास सुरू झाला. दहा ठिकाणची तेराशेहून जास्त बाळं, आणि त्यांच्यावर लक्ष थेट पंधराव्या वर्षापर्यंत. नुसतं पाळणाघरात राहिल्याने मुलांची आईची ओढ तुटलेली दिसली नाही. घरी आईही बाळाच्या हाकेला फारशी ओ देत नव्हती आणि वर पाळणाघरही यथातथाच होतं, तिथे नातं डळमळण्याचा धोका वाढला. जिथे सांभाळ चांगला, तिथल्या मुलांची भाषा आणि समज थोडी पुढे होती. थोडीच, घराचा वाटा त्याहून बराच मोठा निघाला. एक गोष्ट मात्र सासूबाईंच्या बाजूची. जी मुलं फार तास बाहेर राहिली, त्यांच्यात हट्ट आणि मारामारी किंचित जास्त आढळली. तेव्हा तास कमी करता आले तर कर. सकाळी एकाने उशिरा सोडायचं, संध्याकाळी दुसऱ्याने लवकर आणायचं. तुझ्या एवढ्या पत्रात नवऱ्याचा उल्लेख एकदाही नाही. त्यांचं ऑफिस किती वाजता सुटतं गं?

आता चांगला सांभाळ ओळखायचा कसा? एका मावशीच्या वाट्याला किती बाळं, हे आधी विचार. त्या अभ्यासात दीड वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक माणूस, ही कसोटी होती. आपल्याकडे इतकं क्वचितच मिळेल, पण एकीकडे आठ रांगती पोरं असतील तर एसीचा काही उपयोग नाही. मावशी किती वर्षं टिकल्यात तेही विचार. दर दोन महिन्यांनी चेहरा बदलला, तर बाळाने जीव लावायचा कुणाला?

मग दुपारी साडेतीन-चारला, न कळवता जा. मुलं नुकती उठलेली, मावशी दमलेल्या. खरं पाळणाघर तेव्हाच दिसतं. डायपर बदलताना बघ. मुकाट्याने पाय वर धरून ओढून काढतात, की ‘ओलं झालं होय गं? थांब हं, काढू या’ म्हणतात? बाळ ‘बबब’ करतं तेव्हा कुणी वळून उत्तर देतं का? भाषा या उत्तर-प्रत्युत्तरातून येते. दिवसभर चालू ठेवलेल्या टीव्हीवरची गाणी बाळाला उत्तर देत नाहीत. भरवताना एकच चमचा तीन तोंडांत फिरतोय का, रडणाऱ्याला नावाने हाक मारून कुणी उचलतं का, एवढं तासभर कोपऱ्यात बसून पाहिलंस तरी पुरे. कॅमेऱ्यात मूल पडलेलं दिसेल, त्याच्याशी कुणी बोललं का ते कळणार नाही. शिवाय काउंटरवर बसून मोबाइल बघत राहिलीस, तर नोकरीचंही धड होणार नाही.

जागेच्या झगमगाटाचं म्हणशील, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं हीच खेळणी होती. आजची अंगणवाडी तिथूनच आली.

माझा कल काकूंकडे आहे. पण त्या आजारी पडल्या किंवा गावी गेल्या तर कोण? मदतीला दुसरी बाई आहे का? बाल्कनीला जाळी, स्वयंपाकघराला दार? ही उत्तरं पटली नाहीत, तर मोठ्या पाळणाघरातही तशीच तासभर बसून ये. बँकेतही विचार. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे.

रुजू होण्याआधी दोन आठवडे सवय लाव. आधी तू सोबत बस, मग अर्धा तास, मग जेवणापर्यंत. घरातली गोधडी बरोबर दे. निघताना गुपचूप सटकू नकोस, सांगून जा. या वयात ती रडणारच. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेव. आणि ताप आला की पाळणाघर तिला घेणार नाही. त्या दिवशी रजा कुणी टाकायची, ते नवऱ्याशी आत्ताच ठरव.