कॉम्प्युटर कसा मेला ते आधी सांगा

या वेळची पत्रं ग्राफिक्स कार्डाच्या स्ट्रेस टेस्टची आहेत, म्हणजे कार्डावर मुद्दाम पूर्ण लोड टाकून ते टिकतं का बघायचं. ती वाचताना एक गोष्ट परत परत दिसली, सगळे लिहितात "क्रॅश होतो" आणि पुढे गप्प. अहो क्रॅश म्हणजे नक्की काय झालं? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं आहे हे. पंखे फिरत होते का, मॉनिटरचा दिवा चालू होता का, रंगीत ठिपके आले का, हे एवढं लिहिलं तरी अर्धं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळतं. असो, चार पत्रं घेतोय, पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण तसा घोटाळा आपल्याकडे घरोघरी आहे.

प्रश्न (चोपडा): नमस्कार भाऊ, मी दिवाळीत सेकंडहँड आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड घेतलं, सोबत रायझन ५ ५६०० प्रोसेसर आहे, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) ५५० वॅटचा, जुन्या कॉम्प्युटरमधलाच काढून लावला. गेम तीन तीन तास खेळतो काही होत नाही. मित्र म्हणाला जुनं कार्ड आहे तर फरमार्क नावाची स्ट्रेस टेस्ट लावून बघ, लावलं तर सात-आठ मिनिटांत सगळंच बंद, जशी लाईट जाते तसं, कधी चार मिनिटांत कधी पंधरा. टेम्परेचर ८२-८३ दिसत होतं. विकणारा म्हणतो माझ्याकडे मस्त चालत होतं. घराजवळ कापसाची जिनिंग मिल आहे त्यामुळे धूळ खूप. यूपीएस लावलेला आहे ६०० व्हीएचा त्यामुळे लाईटचा काही प्रश्न नाही. कार्ड गेलंय का?

उत्तर: भाऊ, यूपीएसचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आणि माझा संशय नेमका तिथेच बसलाय.

जरा हिशोब करू. ३०७० चं कार्ड कंपनीच्या आकड्याप्रमाणे २२० वॅट घेतं, फरमार्क ते पूर्ण ओढतो आणि एकसारखं ओढत राहतो. ५६०० प्रोसेसर पूर्ण लोडवर ७६ वॅटपर्यंत जातो, फरमार्कमध्ये तेवढा जाणार नाही पण धरून चालू. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून चाळीस-पन्नास. झाले साधारण ३५० वॅट, आणि हे एसएमपीएसच्या आतल्या बाजूचे, तो स्वतः पंधरा टक्के खातो असं धरलं तर भिंतीतून ४०० च्या वर ओढले जातात, त्यात मॉनिटर वेगळा. आता ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नाही, बहुतेक घरगुती यूपीएसवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं, उलटा करून मागचा स्टिकर वाचा. लाईट नीट असेपर्यंत तो मेनचा करंट तसाच पुढे सोडतो म्हणून गाडी रेटली जाते, पण व्होल्टेज जरा पडलं की तो बॅटरीवर उडी मारतो, आणि बॅटरीवर आल्याबरोबर त्याला ४०० वॅट झेपत नाही, खटकन बंद. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर एकदम चालू झाले की लाईट डिम होते ते तुम्ही रोज बघताच. चार मिनिटं, सात मिनिटं, पंधरा मिनिटं असा काहीच मेळ नाही तो बहुधा यामुळेच. नुसतं गरम होऊन बंद पडणारं कार्ड एवढं लहरी नसतं, ते दर वेळी जवळपास त्याच टेम्परेचरला पडतं.

गेममध्ये का होत नाही? कारण गेम सतत पूर्ण लोड देत नाही, मेनू येतो, लोडिंग येतं, साठ एफपीएसला (सेकंदाला साठ चित्रं) लॉक केलं असेल तर कार्ड अर्ध्यावरच चालतं.

आता तपासायचं कसं. पुढच्या वेळी बंद पडला की लगेच पॉवर बटण दाबू नका, आधी मॉनिटरकडे बघा. मॉनिटरचा दिवासुद्धा गेला असेल आणि तो त्याच यूपीएसवर असेल, तर यूपीएस बंद पडला, कार्डाचा काही संबंध नाही. मॉनिटर जिवंत आहे आणि "नो सिग्नल" म्हणतोय पण कॅबिनेटचे पंखे थांबलेत, तर एसएमपीएसने स्वतःला वाचवायला कट मारलाय, अशा वेळी बऱ्याचदा मागचं बटण बंद करून थोडं थांबून परत चालू केल्याशिवाय तो उठतच नाही, ती पण खूण आहे. आणि पंखे चालू, उलट कार्डाचे पंखे जेट विमानासारखे ओरडतायत आणि स्क्रीन काळी, तर मग कार्ड किंवा कार्डाला जाणारी वायर.

मग यूपीएस काढा, कॉम्प्युटर सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा, अर्थिंग असलेल्या. (जुन्या वाड्यांत थ्री-पिन सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकाला वायरच नसते, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, तसं होत असेल तर आधी वायरमन बोलवा, फरमार्क नंतर.) अर्धा तास चालला तर प्रश्न मिटला. तरी बंद पडला तर एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंग बदलायचा प्रोग्रॅम) पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, म्हणजे कार्ड १५४ वॅटच्या आसपास थांबेल. आता चालतंय? मग एसएमपीएस किंवा वायरिंग. तुमच्या कार्डाला पॉवरची दोन ८-पिन सॉकेट असतील आणि एकाच वायरच्या दोन शेपट्या दोन्हीत खुपसल्या असतील तर ते काढा, एसएमपीएसपासून दोन वेगळ्या वायरी आणा. एका ८-पिनचा नियम १५० वॅटचा, बोर्डाच्या स्लॉटमधून ७५, आणि हे सरासरीचे आकडे झाले, ३००० सिरीजची कार्डं क्षणभरासाठी त्याच्या कितीतरी वर उसळी मारतात आणि जुन्या एसएमपीएसला ती उसळी शॉर्ट सर्किटसारखी वाटते. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात अशी उसळी अगदी थोडा वेळ, दुप्पटपर्यंत, सहन झालीच पाहिजे असा नियम घातला. तुमचा जुना ५५० त्याच्या आधीचा असणार.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, "कर्नल-पॉवर ४१" दिसेल, ते बघून घाबरू नका आणि त्याच्यावर विश्वासही ठेवू नका. मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो, एवढंच विंडोज त्यात सांगतं. का, ते त्यालाही माहीत नसतं. लोक यावरून पूर्ण विंडोज परत टाकतात, दोन दिवस वाया.

आणि जिनिंग. हे मात्र करायचंच आहे. साधी धूळ ब्लोअरने उडते, कापसाचा तूस उडत नाही, तो हीटसिंकच्या (कार्डाची गरमी बाहेर टाकणारा धातूचा भाग) पट्ट्यांमध्ये गादीसारखा बसतो आणि वरून दिसतही नाही. माझ्याकडे जिनिंगशेजारच्या घरातलं एक कार्ड आलं होतं, पंखे काढले तर खाली अख्खी वात वळता येईल एवढी रुई. मऊ ब्रश, चिमटा, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा उलटा सुसाट फिरून बेअरिंग जातं. हे झाल्यावर टेम्परेचर परत कळवा. विकणाऱ्याशी भांडण तोवर राखून ठेवा.

प्रश्न (धुळे): आमच्याकडे बंद नाही पडत, स्क्रीन दोन-तीन सेकंद गोठते, काळी होते, परत येते आणि टेस्ट बंद झालेली असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्प्ले ४१०१ आणि ड्रायव्हरचं नाव. कार्ड थंड आहे, ६८ च्या वर जात नाही. गंमत म्हणजे फरमार्क तासभर चालतो, थ्रीडीमार्कच्या टाइम स्पाय स्ट्रेस टेस्टला मात्र पडतो. ड्रायव्हर तीन वेळा बदलला. यूट्यूब बघून थोडं अंडरव्होल्ट केलंय (कार्डाचं व्होल्टेज कमी केलंय) उन्हाळ्यासाठी.

उत्तर: दादा, तुमची गंमत म्हणजेच तुमचं उत्तर. फरमार्क एवढी पॉवर खातो की कार्ड पॉवर लिमिटला आपटतं आणि क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, खाली येतो, म्हणजे तुमच्या अंडरव्होल्टच्या वरच्या टोकाची परीक्षाच होत नाही. टाइम स्पायमध्ये सीन बदलतात, लोड वरखाली होतो, कार्ड उंच क्लॉकला जातं आणि तिथे तुम्ही दिलेलं व्होल्टेज पुरत नाही. म्हणून फक्त फरमार्कवर पास झालेलं अंडरव्होल्ट मी पास धरतच नाही. आधी आफ्टरबर्नर पूर्ण रीसेट करा, टाइम स्पाय स्ट्रेस टेस्ट २० फेऱ्या घेते, त्या पूर्ण झाल्या पाहिजेत आणि स्थिरता ९७ टक्क्यांच्या वर आली पाहिजे. आली तर अंडरव्होल्टमध्ये १५-२० मिलिव्होल्ट वाढवून परत.

दोन सेकंदांचं कारण असं की कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ते लटकलं समजून ड्रायव्हर परत उठवतं, व्हिस्टापासून हे असंच आहे. रजिस्ट्रीत टीडीआर डिले (हीच दोन सेकंदांची मुदत) वाढवा असा सल्ला कोणीतरी देईलच, ब्लेंडरमध्ये मोठा सीन रेंडर करताना कार्ड खरंच कामात असतं तिथे ते ठीक, तुमच्या केसमध्ये मात्र ते ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे.

रीसेट करूनही पडलं तर रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद करून बघा. लोक कार्डाला शिव्या देत बसतात आणि चूक रॅमची निघते, रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर लावून झोपा. ड्रायव्हर बदलायचाच असेल तर एकावर एक चढवू नका, सेफ मोडमध्ये डीडीयू या प्रोग्रॅमने जुना साफ काढा, त्या वेळी नेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा घुसवतं.

प्रश्न (शहादा): स्ट्रेस टेस्ट चालू केली की मिनिटाभरात हिरवे-गुलाबी चौकोन, मग हँग. कार्ड स्वस्तात मिळालं, मायनिंगचं (क्रिप्टो नाणी काढायला वापरलेलं) असू शकतं. यूट्यूबवर ओव्हनमध्ये कार्ड भाजून चालू करतात ते करू का?

उत्तर: ओव्हन भरताच्या वांग्यांसाठीही आपल्याकडे कोणी वापरत नाही, कार्डासाठी तर मुळीच नको. भाजल्याने कधीकधी चार दिवस चालतं, मग कायमचं जातं, आणि घरात प्लॅस्टिकचा विषारी धूर वेगळा.

चौकोन म्हणजे बहुतेक वेळा व्हीरॅम, कार्डावरची मेमरी. ओसीसीटी या प्रोग्रॅममध्ये व्हीरॅमची वेगळी टेस्ट आहे, त्यात एकही एरर यायला नको, एक आली तरी नापास. मग आफ्टरबर्नरमध्ये मेमरी क्लॉक ५०० मेगाहर्ट्झने कमी करून बघा, चौकोन कमी झाले तर निदान पक्कं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं तेव्हा अशी कार्डं ढिगाने बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणून वाईटच असं मी म्हणणार नाही, चिप बहुधा ठणठणीत असते, पण मेमरी महिनोन्‌महिने तापलेली असते आणि थर्मल पॅड (मेमरीची गरमी हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) वाळून खडखडीत झालेले असतात. पॅड बदलून बघा, जाडी मोजूनच घ्या, जाड पॅड घातला तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही. तरी राहिलं तर चिप बदलणारा कारागीर लागेल, आणि त्याने सांगितलेला खर्च कार्डाच्या किमतीच्या अर्ध्याच्या वर गेला तर सोडून द्या.

प्रश्न (भुसावळ): उन्हाळ्यात स्ट्रेस टेस्टला ८७-८८ जातं, हिवाळ्यात ७२ होतं. कॅबिनेटची काच काढून समोर कूलर लावलाय, त्याने ७९ वर आलं. चालेल ना? बाबा रोज विचारतात "काय करी राह्यना रे तू, कूलर आमना शे का तुना मशीनना?"

उत्तर: बाबांची बाजू बरोबर आहे, आणि कारण फक्त त्यांचा घाम नाही. कार्डाचं टेम्परेचर म्हणजे खोलीचं टेम्परेचर अधिक कार्डाची स्वतःची गरमी. हिवाळ्यात खोली २४ होती तेव्हा ७२, म्हणजे कार्डाची स्वतःची ४८. मे महिन्यात बाहेर ४५ आणि खोलीत ३९-४० असेल तर ८८ हा सरळ बेरजेचा आकडा आहे, कार्ड बिघडलेलं नाही. एनव्हिडियाची बरीचशी कार्डं ८३ च्या आसपास स्वतःच क्लॉक कमी करायला लागतात आणि ३००० सिरीजला ९३ ही कमाल मर्यादा दिलेली आहे, म्हणजे ८८ ला क्रॅश व्हायला नको, फक्त स्पीड कमी होईल. क्रॅश होत असेल तर एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) बघा, तो साध्या टेम्परेचरपेक्षा १०-१५ ने जास्त असणं ठीक, ३० ने जास्त असेल तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळलीय.

पण कूलर बाजूला करा. तो हवा ओली करून गार करतो, आणि जवळ ठेवला की बारीक तुषारही मारतो, बोअरच्या पाण्याचे क्षार जसे कूलरच्या जाळीवर पांढरे बसतात तसेच कार्डाच्या पिनांवर बसतील. साधा टेबल फॅन लावा, पॉवर लिमिट ८० टक्के करा, गेममध्ये फरक जेमतेम कळेल. आणि मे महिन्यात टेस्ट करायचीच असेल तर पहाटे पाचला करा, लाईटही तेव्हा सरळ असते, कूलरही मोकळा असतो.