वाचकांचे प्रश्न : आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्याचा सराव

प्रश्न : मी कायद्याच्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायदा हा विषय निवडला असून पॅरिस करार, बासेल करार, जैवविविधता करार यांतील महत्त्वाची कलमे बऱ्यापैकी तयार आहेत; परंतु या क्षेत्रातले वकील प्रत्यक्षात करतात तरी काय, हे उमगत नाही. हवामान परिषदांना जाणे परवडण्यासारखे नाही. मूट कोर्टखेरीज (विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालयाखेरीज) प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळवण्याचा दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि माझ्या मते तो मूट कोर्टपेक्षा अधिक उपयोगाचा आहे. प्रश्नांच्या भडिमारातही युक्तिवादाचा धागा सुटू न देण्याची सवय मूट कोर्टातच लागते, हे खरे. पण या शाखेतले फारच थोडे काम न्यायाधीशांसमोर चालते. बहुतेक काम करारांच्या मसुद्यांवर, सदस्य देशांनी द्यायच्या अहवालांवर आणि करारांचे पालन होते की नाही हे तपासणाऱ्या समित्यांपुढे होते. त्यामुळे केवळ मूट कोर्ट करणाऱ्या विद्यार्थ्याला या कायद्याची एकच बाजू दिसते.

वाटाघाटींपासून सुरुवात करावी. त्यासाठी परिषदेला जाण्याची गरज नाही. मसुद्याचा एक परिच्छेद, आठ-दहा सहकारी आणि एक मोकळी दुपार पुरेशी आहे. प्रत्येकाला एकेक देश आणि त्या देशाचे लेखी सूचनापत्र द्यावे : कोणत्या मुद्द्यावर माघार घेता येईल, कोणत्या मुद्द्यावर मुळीच नाही. प्रत्यक्ष वाटाघाटींत ज्या शब्दांवर एकमत झालेले नसते, ते चौकोनी कंसात ठेवले जातात. तसेच येथेही करावे. पहिल्या तासात कंस कमी होण्याऐवजी वाढतच जातात, त्याने गांगरून जाऊ नये. अर्ध्या वाटेवर शिक्षकांनी एखाद्या देशाचे सूचनापत्र बदलावे, कारण राजधानीकडून ऐनवेळी नवा आदेश येणे हा या कामातला नेहमीचा प्रकार आहे. शेवटी प्रत्येकाने आपल्या सरकारला एक पानाचे टिपण लिहावे : काय मिळाले, काय सोडले आणि का. खरे शिक्षण या टिपणात होते, आणि नेमका तोच भाग बहुतेक ठिकाणी वगळला जातो.

दुसरा सराव नुकसानभरपाईचा. कोस्टारिका विरुद्ध निकाराग्वा या प्रकरणात द हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2018 मध्ये पर्यावरणाच्या हानीबद्दल पहिल्यांदाच भरपाई ठरवली. निकाराग्वाने केलेली सुमारे 300 झाडांची तोड आणि 6.19 हेक्टर क्षेत्रावरील वनस्पतींची सफाई यांतून झालेल्या हानीसाठी कोस्टारिकाने 28 लाख डॉलरहून अधिक रक्कम मागितली होती. न्यायालयाने दोन्ही पक्षांची मूल्यमापनाची पद्धत जशीच्या तशी न स्वीकारता एकूण परिस्थितीचा अंदाज घेतला आणि परिसंस्थेची हानी व तिच्यापासून मिळणाऱ्या लाभांतील घट यांसाठी 1,20,000 डॉलर, तर पाणथळ जागेच्या पुनर्स्थापनेसाठी 2,708.39 डॉलर मंजूर केले. पहिला आकडा गोल आणि दुसरा सेंटपर्यंत मोजलेला का, याचे स्पष्टीकरण निकालपत्रात शोधा, आणि मग एकदा कोस्टारिकाच्या व एकदा निकाराग्वाच्या वकिलाच्या भूमिकेतून हिशेब मांडा. अर्थशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या मित्रांची मदत घ्यावी लागेल. प्रत्यक्षातही वकिलांना ती घ्यावीच लागते.

विद्यार्थ्यांचे काम सरावापुरतेच राहते, असेही नाही. 2019 मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातील कायद्याच्या 27 विद्यार्थ्यांनी हवामान बदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे न्यावा, अशी मोहीम सुरू केली. वानुआतू या पॅसिफिकमधील द्वीपराष्ट्राने ती उचलून धरली, 29 मार्च 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सल्लागार मत मागवणारा ठराव एकमताने संमत केला आणि 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने ते मत दिले. या चार-सहा वर्षांतला मोठा भाग पत्रे, टिपणे आणि देशोदेशींच्या प्रतिनिधींची मनधरणी यांत गेला, हे मात्र बातम्यांत फारसे आले नाही.

प्रश्न : मी कायदा शिकवतो. आमच्या लीगल क्लिनिकमध्ये (जिथे विद्यार्थी वकिलांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष कायदेशीर काम करतात) एका पर्यावरण संस्थेसाठी आंतरराष्ट्रीय समितीकडे निवेदन तयार करण्याचा विचार आहे. मूल्यमापन कसे करावे आणि जबाबदारी कोणाची?

उत्तर : निकालावर गुण देऊ नयेत, कारण अशा समित्यांचे निष्कर्ष यायला अनेकदा वर्षे लागतात आणि तोवर विद्यार्थी पदवी घेऊन गेलेले असतात. पहिला मसुदा, त्यावरील शेरे आणि सुधारित मसुदा शेजारी ठेवून पाहावेत. निवेदनाआधी दाखलपात्रतेचे निकष तपासण्याचे काम एकाच विद्यार्थ्याकडे सोपवावे. उदाहरणार्थ, पर्यावरणविषयक माहिती, लोकसहभाग आणि न्याय मिळवण्याच्या हक्कांसंबंधीच्या आरहूस कराराच्या अनुपालन समितीकडे (पालन तपासणाऱ्या समितीकडे) जनतेतील कोणीही निवेदन देऊ शकतो, पण ते त्या कराराच्या सदस्य देशाविषयीच असावे लागते आणि देशांतर्गत दाद मागितली होती का, हेही विचारात घेतले जाते. अंतिम मजकुराची जबाबदारी पर्यवेक्षक वकिलाची. कागदपत्रांची गुप्तता आणि मसुदा पुढे कोण प्रसिद्ध करू शकेल, याविषयी संस्थेशी पहिल्याच बैठकीत लेखी ठरवून घ्यावे.