पहिल्यांदाच लाइव्ह रॉक कॉन्सर्टला चाललोय. अगदी पुढे उभं राहू का?

प्रश्न विचारणाऱ्याने खाली आणखी दोन गोष्टी लिहिल्यात. वय १७ आहे आणि सोबत कुणी नाही. शिवाय त्याचा भाऊ त्याला चिडवतोय, की घरात चांगले हेडफोन पडलेत, मग एवढ्या गर्दीत घुसून असं जास्तीचं काय ऐकणार आहेस? मी तुझ्याहून चारच वर्षांनी मोठी आहे, तेव्हा सरळ अरे-तुरे करते.

भावाला सांग, जास्तीचं काही ऐकू येत नाही. बऱ्याचदा कमीच येतं. आणि कुठे उभा राहतोस यावर किती कमी हे ठरतं. मी आतापर्यंत सात कॉन्सर्ट पाहिलेत आणि दर वेळी वेगळ्या जागेवरून पाहिलेत. थोडं ठरवून, थोडं उंचीमुळे नाइलाजाने. माझी उंची पाच फूट एक इंच. रॉकच्या गर्दीत या उंचीला बँड दिसत नाही, पाठी दिसतात.

म्हणूनच पहिल्या कॉन्सर्टला मी दारं उघडायच्या चार तास आधी जाऊन बसले होते. बॅरिकेडला पोट टेकवून अगदी पहिल्या रांगेत जागा मिळवली. बास गिटार वाजवणाऱ्याच्या बुटाची सुटलेली नाडी दिसत होती, ड्रमरच्या कोपरावरून उडणारा घाम दिसत होता. आणि गाण्याचे शब्द? एक नाही. गायक माझ्यापासून चार मीटरवर ओरडत होता आणि मी त्याच्या ओठांवरून गाणं ओळखत होते. झांजा, डाव्या बाजूचा गिटार ॲम्प आणि पायाखालून येणारा धडधडाट, एवढंच. मला वाटलं साउंडवाला झोपलाय.

तो झोपला नव्हता, मीच चुकीच्या जागी होते. मोठे स्पीकर स्टेजच्या दोन्ही कडांना टांगलेले असतात आणि त्यांचं तोंड मैदानाकडे, दूरवर असतं. पहिल्या रांगेच्या मधोमध उभा राहणारा त्या दोघांच्या बेचक्यात सापडतो. गायकाचा आवाज तर त्या स्पीकरमधूनच यायचा, ड्रमसारखा तो स्वतःच्या जोरावर पोचत नाही. स्टेजच्या कडेला पुढच्यांसाठी छोटे स्पीकर ठेवतात, फ्रंट फिल म्हणतात त्यांना, पण ते असतातच असं नाही. उलट बासचे भलेमोठे स्पीकर, म्हणजे सब, बहुतेक वेळा स्टेजखाली जमिनीवरच रचलेले असतात, म्हणजे ते थेट तुझ्या गुडघ्यात वाजणार.

तरीही पहिली रांग एकदा करावीच, असं माझं मत आहे. फक्त ती बघायची जागा आहे हे धरून जा. मी त्या रात्री पाहिलं की माझा आवडता गिटारिस्ट अवघड सोलोच्या आधी डोळे मिटून ओठ चावतो, आणि एकदा चुकला तेव्हा ड्रमरकडे बघून हसला. हेडफोनवर चूक ऐकू येत नाही, कारण रेकॉर्डिंगमध्ये ती राहूच देत नाहीत.

आता ऐकण्याची जागा. मैदानाच्या किंवा हॉलच्या मध्यावर, थोडं मागे, कठडा घातलेली एक चौकोनी जागा दिसेल. आत दिव्यांनी लुकलुकणारं मोठं टेबल आणि त्यामागे एक थकलेला माणूस. तो साउंड डेस्क. तिथला माणूस आवाज जुळवतो तो त्याच्या स्वतःच्या कानांना जे ऐकू येतं त्यावरून, म्हणून त्याच्या आसपास उभ्या असलेल्यांना जवळपास तेच मिळतं. मी हे चौथ्या कॉन्सर्टला शिकले, तेही मैत्रीण ऐन वेळी आली नाही आणि एकटीला पुढे जायचा धीर झाला नाही म्हणून. डेस्कच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि पहिल्याच गाण्यात मागे एक कीबोर्ड आहे हे कळलं. त्या बँडला मी दोन वर्षं ऐकत होते!

एकटं जाण्याची भीती मात्र पहिल्या अर्ध्या तासाचीच असते. बँड यायच्या आधीचा वेळ जड जातो, सगळे घोळक्याने असतात, आपण उगाच मोबाइल काढून बघतो. दिवे मालवले की कोण कुणाबरोबर आलंय हे कुणालाच आठवत नाही.

मागे, पार शेवटी, मी एकदाच उभी राहिले आणि तिथे वेगळीच गंमत आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. शंभर मीटर मागे असशील तर ड्रमरची काठी पडलेली दिसते आणि जवळजवळ एक-तृतीयांश सेकंदाने ठोका येतो. म्हणून मोठ्या मैदानात मध्ये मध्ये खांबांवर आणखी स्पीकर असतात आणि त्यांना आवाज मुद्दाम उशिरा दिला जातो, पुढून येणाऱ्या आवाजाशी जुळावा म्हणून. लोकांच्या टाळ्या मात्र कुणी जुळवत नाही. गायक ताल धरायला लावतो, पुढचे वाजवतात, मग मधले, मग आम्ही. टाळ्यांची लाट मैदानभर मागे सरकत जाते आणि आपण सगळे बेताल आहोत हे फक्त शेवटच्या माणसाला कळतं.

हे सगळं तंत्र आपल्याला आयतं मिळालंय. बीटल्स १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,६०० लोकांपुढे वाजवत होते, तेव्हा किंकाळ्यांच्या गदारोळात त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. वादकांकडे तोंड करून ठेवायचे मॉनिटर स्पीकर तेव्हा रूढच झाले नव्हते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी दौरे बंदच केले. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९७४ मध्ये दुसरं टोक गाठलं. वादकांच्या पाठीमागे स्पीकरची अक्षरशः भिंत उभी केली, म्हणजे बँड आणि प्रेक्षक एकच आवाज ऐकतील. आता प्रश्न असा की स्पीकर मागे आणि माइक पुढे, मग माइक शिट्टी मारत सुटणार. त्यावर त्यांनी प्रत्येक गायकाला दोन-दोन माइक उलटसुलट जोडून दिले. दोन्हींत सारखा शिरणारा आवाज एकमेकांना मारतो आणि एकाच माइकमध्ये गायलेलं तेवढं उरतं. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की मी ते आईला समजावून सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं, एवढंच म्हणते.

आता कान. इथे मी थोडी मावशी होणार आहे. पहिल्या रांगेच्या त्या रात्रीनंतर दोन दिवस माझ्या डाव्या कानात टीव्ही बंद पडल्यासारखी बारीक शिट्टी चालू होती. मित्र म्हणाले, असं होतंच, भारी शो होता म्हणायचा. माझी शिट्टी गेली. सगळ्यांची जात नाही. आतल्या कानातल्या ज्या केसपेशी आवाज पकडतात त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. द हू या ब्रिटिश बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड गेली कित्येक वर्षं आपल्या कमी झालेल्या ऐकण्याबद्दल आणि कानातल्या आवाजाबद्दल उघड बोलतो. हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास सोसवतं असं धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. रॉक कॉन्सर्ट याच्या वर सहज जातो आणि चालतो दोन तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, असं मानक दिलंय. पण तुझ्या शोला ते कुणी मोजतंय या भरवशावर राहू नकोस.

इअरप्लग घे. फोमचे स्वस्त असतात आणि कान वाचवतात, पण वरचे सूर जास्त खातात, त्यामुळे बँड गोधडीखाली वाजतोय असं वाटतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले मिळतात, ते सगळंच बऱ्यापैकी सारखं खाली आणतात. फोमचा घालताना बोटांत वळून बारीक कर, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर ओढ, मग आत सार आणि फुगेपर्यंत धरून ठेव. नुसता कानाच्या तोंडाशी कोंबलास तर काही उपयोग नाही. शो सुरू व्हायच्या आधी घाल. मधे घातलास की सगळं बेचव लागतं आणि तू काढून टाकशील. मी टाकले होते.

पिटबद्दल तू विचारलं नाहीस, पण पुढे जायचं म्हणतोस म्हणजे वाटेत लागेलच. गर्दीत अचानक एक रिकामं वर्तुळ उघडलं की समज, आता तिथे धक्काबुक्की सुरू होणार. बाहेरून मारामारी वाटते. मी दुसऱ्या कॉन्सर्टला त्यात ओढली गेले आणि माझा चष्मा उडाला. मी ओरडलेही नसेन, नुसता हात डोळ्यांकडे गेला, तर पाच-सहा जणांनी गर्दीकडे पाठ करून माझ्याभोवती कडं केलं आणि मोबाइलच्या टॉर्चने जमीन शोधायला लागले. गाणं चालूच. चष्मा सापडला, एक दांडी वाकलेली. ज्या दांडग्या मुलाने तो माझ्या नाकावर बसवला, त्यानेच दहा सेकंदांनी मला धक्का दिला. पडलेल्याला आधी उचलायचं हा तिथला न लिहिलेला नियम आहे आणि मी तो मोडलेला अजून पाहिला नाही.

खरी भीती पिटची नाही, दाटीची आहे. चौरस मीटरला पाच-सहा माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागते. कुणी ढकलत नसतं तरी लाट येते आणि तुझे पाय तुझे राहत नाहीत. १९७९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीला द हूच्या शोआधी मोजकीच दारं उघडली गेली आणि बाहेरच चेंगरून ११ जण गेले. ३० जून २००० ला डेन्मार्कच्या रोस्किल्डमध्ये पर्ल जॅम हा बँड वाजवत असताना स्टेजसमोर ९ जण चेंगरून गेले. हे घाबरवायला सांगत नाही, पण दाटीत माणूस जातो तो बहुतेक श्वास कोंडून, हे माहीत असावं. हात खाली लोंबत ठेवू नकोस. बॉक्सरसारखे छातीसमोर धर, म्हणजे फासळ्यांना हलायला जागा राहते. लाटेला विरोध करू नकोस, तिच्याबरोबर सरक आणि ती ओसरली की तिरका कडेला निघ. बुटक्या माणसाचं तोंड इतरांच्या छातीशी येतं, वारा तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून मी तर दोन गाण्यांतच कडेला येते. बॅरिकेडपाशी अडकलास तर समोरच्या सुरक्षारक्षकाला खूण कर, ते वरून उचलून बाहेर काढतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकी किरकोळ: बंद बूट, छोटी बॅग किंवा बॅगच नको, आधी पाणी पिऊन घे. रॉकवाल्यांसारखी बोटांची शिंगं (तर्जनी आणि करंगळी वर) दाखवताना अंगठा आत दुमड. बाहेर काढलास तर अमेरिकन खुणांच्या भाषेत ते ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ होतं. मेटलच्या गर्दीत तेही चालून जाईल म्हणा. सुरुवातीच्या अनोळखी बँडला टाळू नकोस, मला माझा आताचा सगळ्यात आवडता बँड तसाच मिळाला, समोर जेमतेम साठ माणसं असताना. आणि नेटवर दौऱ्याची गाण्यांची यादी मिळते, ती निदान पहिल्या वेळी तरी बघू नकोस.

शेवटचं, आणि हे मी किंमत मोजून शिकले. बँड ‘थँक्यू’ म्हणून आत गेला म्हणजे शो संपला असं नाही. हॉलचे दिवे बघ. ते लागले नाहीत तर बँड परत येणार आहे. स्टेजवर चिकटवलेल्या यादीत त्यासाठी आधीच रेघ मारून खाली दोन-तीन गाणी लिहिलेली असतात. मला पहिल्या वेळी हे ठाऊक नव्हतं. बाहेर पडताना गर्दी होईल म्हणून मी अंधारातच धावत निघाले. मावसभाऊ न्यायला आला होता, पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा. हेल्मेट हातात घेतलं आणि मागे भिंत थरथरली. ज्या एका गाण्यासाठी मी गेले होते तेच होतं. भिंतीतून बारीक सूर बाहेर येत नाहीत, जाड तेवढे येतात, त्यामुळे आम्हाला फक्त बास ऐकू येत होता, धुम धुम धुम. मी त्यावर सगळे शब्द म्हटले, दोन्ही कडवी. तो चावी फिरवायचा थांबून ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “यात गाणं कुठे आहे?”