तो पिवळा धोतरा नव्हे, पुआ काला

हवाईच्या मोठ्या बेटावरून तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. 'आपला पिवळा धोतरा इथे पांढरा कसा, आणि बी आणून गच्चीत लावू का?' असं विचारलंय.

हा वेगळा आहे. शास्त्रीय नाव आर्जेमोन ग्लॉका, तिथले मूळ रहिवासी त्याला पुआ काला म्हणतात. पुआ म्हणजे फूल, काला म्हणजे काटेरी. हवाई बेटांखेरीज जगात कुठेही तो मूळचा नाही. आपल्या बांधावरचा पिवळा धोतरा म्हणजे आर्जेमोन मेक्सिकाना, तोही अमेरिकेतून आलेला उपरा. (खऱ्या धोतऱ्याशी दोघांचंही नातं नाही, ही खसखशीच्या कुळातली. काटेरी बोंडं पाहून कुणीतरी नाव दिलं असणार.) चिकावरून ओळखायला जाऊ नका, दोघांचाही पिवळाच. पानं बघा: आपल्याकडच्याच्या शिरा पांढऱ्या उठून दिसतात, पुआ कालाचं पान राखाडी-निळसर, मेण फासल्यासारखं.

मला खरी गंमत वाटते ती काट्यांची. माणूस येण्याआधी हवाईत चरणारा सस्तन प्राणीच नव्हता, त्यामुळे तिथल्या कित्येक झाडांनी काटे टाकून दिले. तिथली रासबेरी तर जवळजवळ बिनकाट्याची. याने मात्र काटे सोडले नाहीत. मग 1778 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कुकच्या जहाजातून शेळ्या उतरल्या, 1793 मध्ये व्हँकुव्हर या दुसऱ्या ब्रिटिश दर्यावर्द्याने गुरं आणली. बिनकाट्याच्या झाडांचा फडशा पडला. याला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. डोंगराआडच्या कोरड्या बाजूला, लाव्हाच्या खडकात, तो अजून टिकून आहे. बाहेरून आलेल्या गवतामुळे तिथे वणवे लागतात, तरी जळाल्यावर मुळापासून पुन्हा फुटतो.

आता बियांचं. परवानगीशिवाय बॅगेतून बी आणणं नियमात बसत नाही. आणलंच तरी सोटमूळ खोल जाणारं, रोप हलवलेलं सोसत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात कुंडीत मूळ कुजेल. तिथे जुन्या काळी दातदुखीवर चीक लावत, हे वाचून प्रयोग करू नका. पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची मोहरीच्या तेलात भेसळ होऊन 1998 मध्ये दिल्लीत माणसं दगावली होती. हा त्याच जातकुळीतला आहे.

बोंडाचा फोटो असेल तर तोही टाका.