जमिनीपासून तीन मीटरवर असलेल्या पन्हळीला पाइपऐवजी तांब्याची साखळी लावायची आहे. ती घरी बनवता येईल का, आणि कोकणातल्या पावसात चालेल का?

साखळी घरी निश्चित बनवता येते. ती आपल्या पावसात चालेल की नाही, हे मात्र छपराचे किती पाणी तुम्ही तिच्यावर सोडणार आहात यावर ठरेल. म्हणून तांबे विकत घेण्याआधी हा हिशेब करावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. वीस चौरस मीटरच्या उतारावर तासाला पन्नास मिलिमीटर वेगाने सर कोसळली, तर मिनिटाला सुमारे सतरा लिटर पाणी एकाच तोंडातून खाली येईल. नुसत्या कड्यांची साखळी एवढे पाणी धरत नाही. निम्मे बाहेर उडते आणि भिंत भिजवते. जपानमध्ये मंदिरांना आणि घरांना अशा साखळ्या फार पूर्वीपासून लावतात, त्यांना तेथे कुसारी-दोई म्हणतात. परंतु आषाढातल्या कोकणी पावसासाठी माझे मत असे आहे की व्हरांड्याच्या किंवा पोर्चच्या छोट्या छपरालाच साखळी लावावी आणि मुख्य छपराचा पाइप आहे तसा ठेवावा.

तुमची पन्हळ जमिनीपासून तीन मीटरवर आहे असे तुम्ही लिहिले आहे, त्याच मापाने सांगतो. अर्थिंगसाठी वापरतात ती आठ गेजची, म्हणजे साधारण चार मिलिमीटर जाडीची, उघडी तांब्याची तार इलेक्ट्रिकच्या दुकानात वजनावर मिळते. चाळीस मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या नळीवर ती वेटोळे वेटोळ्याला चिकटवून गुंडाळावी. एका कडीला सुमारे चौदा सेंटिमीटर तार लागते आणि साखळीची लांबी दर कडीमागे चार सेंटिमीटरने वाढते, म्हणजे तीन मीटरसाठी पंचाहत्तर कड्या. मी प्रत्येक जागी एकाऐवजी दोन कड्या ओवण्याचा आग्रह धरीन, कारण दोन तारांमधल्या फटीत पाणी धरले जाते आणि ते साखळी सोडून सहजासहजी बाहेर जात नाही. अशा जोडकड्यांना एकवीस-बावीस मीटर तार, म्हणजे अंदाजे अडीच किलो तांबे लागेल.

तार गुंडाळताना हाताला कडक लागू लागली तर जोर लावू नये. तांबे वाकवल्याने कठीण होते, आणि तापवल्याने पुन्हा मऊ होते. ब्लो टॉर्चने, शक्यतो सावलीत, ते मंद लाल दिसेपर्यंत तापवावे आणि पाण्यात बुडवावे. पोलाद असे विझवले की कडक होते, तांब्याचे तसे होत नाही. बाहेर काढल्यावर तार काळी पडलेली दिसेल, आणि हात लावताच जाणवेल की मघाशी अंगावर येणारी तार आता दोन बोटांनी वळते आहे. काळा थर चिंच आणि मीठ लावून घासला की निघतो.

मग वेटोळ्यावर उभी रेघ मारून लोखंड कापायच्या करवतीने कड्या सुट्या कराव्यात. कडी उघडताना तोंडे एकमेकांपासून लांब ओढू नयेत; दोन पकडींनी एक टोक पुढे आणि एक मागे असे तिरपे करावे, म्हणजे बंद केल्यावर गोलाई टिकते. वाऱ्याच्या जागी प्रत्येक सांध्याला कथिलाचा डाग द्यावा. तांबे उष्णता झटकन पसरवते, त्यामुळे छोट्या सोल्डरिंग गनने हे काम होत नाही, टॉर्चच लागतो.

पाण्याचा जोर अधिक असेल तर कड्यांमध्ये अंतराअंतराने पेले घालावेत. जुनी तांब्याची फुलपात्रे यासाठी उत्तम. तळाला भोक पाडून आणि काठाला समोरासमोर दोन छिद्रे पाडून तारेच्या कडीने ती एकाखाली एक टांगायची. अभिषेकाच्या गळतीला धार बारीक हवी असते, येथे उलट भोक बोटभर रुंद हवे, नाहीतर पहिल्याच पावसात पाला अडकतो. पत्र्याचे पेले हाताने ठोकून हवे असतील तर पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत करून घ्यावेत; तेथील मठारकामाच्या ठोक्यांवरून उतरणारे पाणी पाहण्यासारखे असते.

सर्वांत जास्त लक्ष पन्हळीच्या तोंडाकडे द्यावे. तोंड रुंद राहिले तर पाणी काठावरून सुटते आणि साखळीला शिवतही नाही. त्यामुळे खाली निमुळते होणारे नरसाळे बसवावे आणि तोंडावर आडवी सळई टाकून साखळी बरोबर मध्यावर टांगावी. पन्हळ जस्ती पत्र्याची असेल तर तांबे आणि जस्त यांचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, कारण ओल्या जागी जस्त झिजते. मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर घालावा. याच कारणाने साखळीखाली जस्ती टाकीही ठेवू नये. मासे पाळलेल्या कुंडात हे पाणी सोडू नये, विरघळलेले तांबे माशांना अल्प प्रमाणातही घातक असते.

साखळी भिंतीपासून हातभर दूर असावी. खालचे टोक जड दगडात अडकवलेल्या कडीला बांधावे, अगदी ताठ न करता. पाणी झेलायला घंगाळ ठेवणार असाल तर त्याच्या तळाला भोक पाडून वर गोटे भरावेत आणि निचरा बागेकडे काढावा, म्हणजे साचलेल्या पाण्यात डास होणार नाहीत. रंग आधी तपकिरी आणि काही वर्षांनी हिरवट होईल, समुद्राजवळ लवकर. तो तसाच राहू द्यावा असे मला वाटते.

मृगाची वाट न पाहता मे महिन्यातच पन्हळीत बागेचा पाइप सोडून, आधी बारीक आणि मग पूर्ण धारेने, पाहून घ्यावे. पाणी एकाच बाजूने सुटत असेल तर सळई बोटभर सरकवली की बहुधा काम भागते. चोहोबाजूंनी उडत असेल तर पेले वाढवावे लागतील.