पुढे 44, मागे 18 आणि चांदणी चौकाचा चढ

प्रश्न: बाबांची जुनी काळी दांडीची सायकल आहे, 28 इंची चाकं, रॉड ब्रेकवाली. रंग दिला, टायर-ट्यूब नवीन टाकले, आता कोथरूडहून बावधनला रोज तिच्यावरच जायचं म्हणतोय. पण चांदणी चौकाच्या चढाला उतरून ढकलावी लागते, त्यात मागे किराणा असला की संपलंच. दुकानदार म्हणतो गिअरवाली घ्या. हिलाच गिअर बसतील का? आणि डायनामो ठेवू की काढू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: गिअरच्या फंदात पडू नका हो. मागची जागा अरुंद, एक्सल आखूड, ते सगळं ताणून-वाकवून बसवेपर्यंत पैसे पण जातील आणि सायकल पण. आधी पुढच्या, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चक्राच्या एका दात्याला खडू लावा आणि दाते मोजा, मग मागचे मोजा. समजा 44 आणि 18 निघाले, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक 2.44 वेळा फिरतं, चाकाचा घेर धरा 2.2 मीटर, म्हणजे सायकल 5.4 मीटर पुढे जाते. सपाटीला मस्त, पण चढाला गुडघे बोलायला लागतात. मागे 22 दात्यांचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) टाका, तेच 4.4 मीटर होतं आणि पाय बराच हलका पडतो. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्यात तर आधी ताशी 19 किलोमीटर पडायचे, आता 16 पडतील, एवढंच नुकसान. 24 टाकू नका, सपाटीला नुसते पाय गरगर फिरतील.

जुनं फ्रीव्हील पायडल मारून मारून आवळलेलं असतं, निघता निघत नाही, म्हणून चाकाला आरे असतानाच काढून घ्या, नुसत्या हबवरून (चाकाच्या मधल्या तुंब्यावरून) काढायला गेलात तर धरणार कशाला? नवीन बसवताना आट्यांना ग्रीस लावायला सांगा, मी एकदा विसरलो होतो, पुढच्या वेळी छिन्नी-हातोडी. चेन बहुतेक एक इंच वाढवावी लागेल, नाहीतर चाक अर्धा इंच पुढे घ्यावं लागतं आणि मग ब्रेकचे रबर रिमवर नीट बसत नाहीत, ते बघा. चेनकव्हरला घासतंय का तेही. चेन ताणताना पायडल हळू फिरवा, एका जागी ती जास्त ताठ होते, तिथेच अर्धा इंच ढील ठेवा, कारण चक्र अगदी गोल कधीच नसतं.

डायनामो काढला तरी चालेल, पावसात टायरवर घसरतो आणि चढाला उगाच ओढ लावतो. चार्जिंगचा दिवा लावा, मागे लाल पण हवाच. किराण्याला महागडी बॅग नको, जुनी ट्यूब लांब कापून पट्ट्या करा आणि कॅरिअरला करकचून बांधा, पिशवी हलत नाही. पण तेवढं वजन घेऊन उतारावर येताना आधीपासूनच ब्रेक दाबत या, रॉड ब्रेक ओल्या रिमवर लगेच पकडत नाहीत.